साळूबाईचं शेंदाड

दोन रानांच्या मधून एक नदी वाहायची आणि तिच्यातल्या मगरीसुद्धा लाजाळू होत्या, तेव्हाची ही गोष्ट. अलीकडच्या रानातली साळूबाई साळिंदर अकरा वर्षं कडूजहर शेंदाडं चाखत राहिली. त्यातल्या त्यात कमी कडू फळाचं बी तेवढं पेरायची. जिभेला घट्टे पडले, पण बाराव्या वर्षी वेलाला गोड शेंदाड लागलं.

धनेश पक्ष्यानं त्याचं बी पलीकडे नेलं आणि "हे माझंच" म्हणून मिरवलं. कासवदादानं ही बातमी आणली तेव्हा साळूबाईचे काटेसुद्धा मलूल झाले.

"खा म्हणावं पोटभर," ती म्हणाली, "पण माझं नाव कशाला पुसता रे?"

कासवानं तो निरोप पोचवला. पलीकडचे वरमले, धनेश तर ढोलीत जाऊन बसला. मग दोन्ही काठांनी मिळून ठरवलं, की शेंदाड कुठंही पिको, नाव साळूबाईचं सांगायचं आणि हंगामाचं पहिलं फळ तिला पाठवायचं.

काही वर्षांनी पलीकडून आलेलं फळ चाखून ती थबकली. "अगंबाई, हे तर माझ्याहून गोड! कुणी केलं?"

"एका उदमांजरानं," फळ घेऊन आलेला कासवदादा म्हणाला. " त्याच्याही जिभेला घट्टे पडलेत."

साळूबाईनं ते बी हौसेनं लावलं. त्याचं पहिलं फळ कासवाच्या पाठीवर ठेवत म्हणाली, "जपून ने हो दादा. हे त्याचं आहे."