खारीची ठेव

माणसांनी पेढ्या मांडण्याआधीची गोष्ट. साळूमावशी नावाच्या साळिंदराकडे सगळे शेंगा ठेवत. आपल्या शेंगा नीट असतील ना, या काळजीने चिंगी खारीला चैन पडेना, म्हणून तिने मावशीच्या बिळात डोकावले. बीळ अर्धे रिकामे!

"मावशी, माझ्या शेंगा?"

"तित्तिरणीला उसन्या दिल्यात. पिल्लं उपाशी होती गं. सुगीला वाढवून देईल, त्यात तुझाही वाटा."

"मला आत्ताच हव्यात."

मावशीने उरलेल्यांतून गाठोडे भरून दिले. चिंगी बाहेर येते तर तिचे बोलणे ऐकून ससा, घूस, उंदीर आपापल्या शेंगा न्यायला टोपल्या घेऊन उभे.

"मावशी बुडाली वाटतं?" ससा म्हणाला.

सगळ्यांना पुरतील एवढ्या शेंगा आत नव्हत्या.

"छे, बघायला काढल्या होत्या," म्हणत चिंगीने गाठोडे परत ठेवले. ससा, घूस, उंदीर घरी गेले. चिंगी मात्र तित्तिरणीचे उसने फिटावे म्हणून सुगीपर्यंत रोज तित्तिरणीच्या पिल्लांना दाणे टिपायला शिकवत राहिली.