दीनाबाईचं बाळंतं

कृपानंदबाबांचा मुक्काम गोदाकाठच्या आंबेसांगवीत होता, तेव्हाची ही गोष्ट. बाबा वर्षभर एकतारीवर ख्रिस्तभजनं गात गावोगाव फिरत, पण नाताळ मात्र आंबेसांगवीचाच. गावात तेव्हा चर्च नव्हतं. शिमोन कारभाऱ्यांच्या गोठ्यात, बैलांच्या शेजारीच उपासना व्हायची. कुणी हळहळलं, की बाबा हसून म्हणत, "अरे, प्रभूला ही जागा जन्मापासून ओळखीची आहे!"

गावाची एक गोड रीत होती. वर्षाचं सगळ्यात धाकटं लेकरू नाताळच्या सकाळी घटकाभर गव्हाणीत निजवायचं आणि सगळ्यांनी त्याच्यापुढे भजन म्हणायचं. त्या वर्षी हा मान कारभाऱ्यांच्याच नातवाला आला. मग त्याच्या आजीचा, सोफियाबाईंचा थाट काय विचारता! त्यांनी शहरातून जरीकाठी मखमल आणवली.

"मामी, कोऱ्या कापडात नका हो घालू बाळाला," शेजारणी म्हणाल्या. "जुनेर बरं असतं. मऊ लागतं."

"जुनेरं तुमच्या घरी," सोफियाबाई म्हणाल्या. "कारभाऱ्याचा नातू आहे तो."

त्याच गावात दीनाबाई राहायची. लग्नाला बरीच वर्षं झाली, पण तिच्या घरी पाळणा हलला नव्हता. दर नाताळात ती गव्हाणीतलं लेकरू लांबूनच डोळे भरून पाही. त्या वर्षी तिच्या मनानं घेतलं, आपल्या हातचं काहीतरी प्रभूच्या बाळाला लागावं. तिनं लग्नातलं लुगडं काढलं. धुऊन धुऊन ते सायीसारखं मऊ झालं होतं. अंगणात बसून तिनं त्याचं बाळाला गुंडाळायचं दुपदरी बाळंतं शिवलं. टाका टोचू नये म्हणून प्रत्येक गाठ आतल्या बाजूला घेतली.

नाताळच्या सकाळी ते घेऊन ती गोठ्याच्या दारात आली.

"हे काय गं?" सोफियाबाईंनी विचारलं.

"बाळंतं आहे, मामी. गव्हाणीत घालायला."

"अगं बाई! जिचा पाळणा हलला नाही, ती बाळंती शिवायला लागली!" सोफियाबाईंनी ते दोन बोटांत धरलं आणि दाराशी टाकलं. "राहू दे इथं. पाय पुसायला होईल."

दोघीतिघी फिसकन हसल्या. दीनाबाईनं बाळंतं उचललं, झटकलं, पदराखाली छातीशी धरलं आणि भिंतीला लागून उभी राहिली. डोळ्यांत पाणी आलं, पण ती घरी गेली नाही. भजन तरी ऐकून जावं, असं तिला वाटलं.

पौषातली थंडी ती. बाळाला न्हाऊ घालून, मखमलीत गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. मखमल दिसायला राजेशाही, पण दवानं गार झालेली आणि निसरडी. बाळ टाहो फोडून रडलं. भजनाच्या आवाजात ते कुणाला फारसं ऐकू गेलं नाही. मग रडणं थांबलं. ज्यांच्या कडेवर लेकरू असतं, त्यांना ठाऊक आहे, रडण्यापेक्षा असं थांबणंच काळजाचा ठोका चुकवतं.

"बाबा! ओठ काळेनिळे झालेत हो!" बाळाची आई किंचाळली. भजन तुटलं. सोफियाबाई बाळाचे तळपाय चोळू लागल्या, फुंकर घालू लागल्या. बाळ हलेना, हुंकारेना. सोफियाबाईंच्या मांडीवर ते कापसाच्या वातीसारखं पडून राहिलं.

बाबांनी एकतारी खाली ठेवली. ते म्हणाले, "दीना, तुझ्यापाशी आहे ते घेऊन ये."

दीनाबाईनं पदराखालचं बाळंतं लांबूनच पुढे केलं. "बाबा, तुम्ही गुंडाळा. माझा हात नको. मी अशी..."

"पोरी, देवानं स्वतःला माणसांच्या हातात दिलं, तेव्हा हात निवडून नाही घेतले. आकाश ज्याचं पांघरूण, तो आला तेव्हा त्याला काय हवं होतं? हातभर मऊ फडकं आणि कुणाची तरी ऊब. आपल्याला त्याला उचलून घेता यावं, म्हणून तो एवढा लहान झाला. उचल त्याला."

दीनाबाई पुढे झाली. मखमल सोडून तिनं बाळाला आपल्या बाळंत्यात घट्ट गुंडाळलं आणि छातीशी घेतलं. बाबा कडब्यावर गुडघे टेकून म्हणाले, "प्रभू येशू, तूही असाच कुडकुडला होतास. या लेकराला ऊब दे."

आणि काय सांगावं! बाळंत्यातून कढ यावा तशी ऊब आली. दीनाबाईचे हात तापले. बाळाच्या ओठांवर गुलाबी रंग उतरला, नाकपुडी हलली, आणि त्यानं असा टाहो फोडला की बैलांनीही कान टवकारले!

सोफियाबाईंनी धावत येऊन बाबांचे पाय धरले. बाबा मागे सरले. "बाई, नाताळ माझ्या पायांशी नाही. तो तुम्ही दारात टाकला होता."

सोफियाबाई उठल्या. सगळ्या गावादेखत त्यांनी दीनाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. "दीना, माझी जीभ झडो गं!"

"मामी, असं नका बोलू. उठा, याला दूध हवंय. आईकडे द्या."

"तूच दे," डोळे पुसत सोफियाबाई म्हणाल्या. "आणि बाप्तिस्म्याला त्याची धर्ममाता तूच. नाही म्हणू नकोस."

त्या मखमलीचं पुढं काय झालं, कुणाला आठवत नाही. पण आंबेसांगवीत लेकरू जन्मलं, की पहिलं बाळंतं दीनाबाईच्या हातचंच, असा नेम पडला. लेकुरवाळ्या बाया आपली जुनी लुगडी तिच्या अंगणात आणून देत, आणि ती गाठी आत घेत, गुणगुणत शिवत बसे. सगळ्यात पुढे कडेवर नातू घेऊन सोफियाबाई असत, तिच्यासाठी सुईत दोरा ओवून द्यायला.