एका दाराचा लॅपटॉप

सांगा बरं, भरवसा कुणावर ठेवावा? सगळ्याला ‘हो’ म्हणणाऱ्यावर, की ‘एवढं जमणार नाही’ म्हणणाऱ्यावर?

लॅपटॉपला जोडणीचं एकच दार उरलं, त्या काळची गोष्ट. येवल्याच्या सुलभाताई व्यापाऱ्यांना पैठणीचे नवे नमुने पडद्यावर दाखवणार होत्या. लॅपटॉपची बॅटरी बाराच टक्के उरली होती, आणि चार्जरची वायर नि प्रोजेक्टरची वायर त्या एका दारापाशी भांडत होत्या.

चकचकीत अडॅप्टर पुढे झाला. “भांडता कशाला, बायांनो? दोघी माझ्यात शिरा. चित्रही जाईल, वीजही येईल.”

“नक्की ना?” लॅपटॉपने विचारलं.

“म्हणजे काय दादा!”

पडद्यावर मोराचा पदर उलगडू लागला, पण लॅपटॉपला वीज पोचेना. “अरे, मला अंधारी येतेय,” तो कुजबुजला. “मी विझलो तर व्यापारी उठून जातील. ताईंची वर्षभराची मेहनत आहे रे!”

अडॅप्टर ओशाळला. “वीज पुढे न्यायची सोय माझ्यात नाहीच. तसं सांगितलं असतं, तर पुन्हा टेबलाच्या खणात पडलो असतो. एकटाच असतो हो तिथे.”

“वेड्या, सांगितलं असतंस तर मी आधी चार्ज होऊन घेतलं असतं. मग तुलाच तर बोलवायचं होतं, प्रोजेक्टरची वायर तुझ्याशिवाय माझ्या दारात बसतच नाही!”

लॅपटॉपने बॅटरीची लाल खूण दाखवली. सुलभाताईंनी अडॅप्टर काढून चार्जर लावला. “तोवर चहा घ्या,” त्या व्यापाऱ्यांना म्हणाल्या. चहानंतर तोच अडॅप्टर पुन्हा लागला, आणि मोर मनसोक्त नाचला.

दुकानातही तसंच असतं. ‘हा माल नाही’ म्हटलं की गिऱ्हाईक आज जातं, पण उद्या परत येतं. तेव्हा मंडळी, आपल्यापाशी काय आहे नि काय नाही, एवढा हिशेब तेवढा खरा ठेवा.