कालिंदाचं न्हाणं

“मग माझं चुकलं कुठे, आजी?”

जैतूनबी चुलीपुढे बसून हंड्यात शिकेकाई उकळत होती.

ऋजुता शहरातून मानसशास्त्र शिकून आलेली. नदीकाठच्या वीटभट्टीवर लांबलांबच्या गावांहून आलेल्या लेकुरवाळ्या बायांच्या मनाची काळजी घ्यायची, हे तिचं काम. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं होतं, आधी महिनाभर जैतूनबीच्या हाताखाली राहा. जैतूनबी म्हणजे शेजारच्या वाडीतली ऐंशीची सुईण, शाळेचं तोंड न पाहिलेली. ऋजुताला ते फारसं रुचलं नव्हतं. पण बोलली नाही, शहाणी होती.

“चोवीस जणींशी बोलले मी,” ती म्हणाली. “एकेकीला अर्धा अर्धा तास दिला. दहा प्रश्न विचारले. सगळ्या ठीक होत्या. कालिंदासुद्धा.”

आणि काल सकाळी ही कालिंदा विटा पाडता पाडता उठली. दीड महिन्याचं लेकरू विटांच्या थप्पीच्या सावलीत ठेवून चालत सुटली, ती थेट एसटीच्या फाट्यावर जाऊन बसली. हातात पिशवी नाही, पायात चप्पल नाही. लोकांनी परत आणलं. तेव्हापासून ती झोपडीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. बोलत नव्हती. आज दवाखान्याची जीप तिला न्यायला येऊन तासभर उभी होती, पण कालिंदा जागची हलत नव्हती.

“तिचा कागद वाच,” जैतूनबी म्हणाली.

“वाचलाय मी. दहादा.”

“मला ऐकू यील असा वाच. मला कुठं वाचाया येतंय?”

ऋजुताने कागद काढला. बाया बोलतील ते जसंच्या तसं लिहून घ्यायची तिची पद्धत होती, आणि त्या पद्धतीचा तिला अभिमान होता.

“झोप लागते का, असं विचारलं. म्हणाली, ‘लागती की. रातच्याला दोनदाच उठतंय.’ मग विचारलं, भूक लागते का? ‘लागती. घटाघटा पितंय.’ रडू येतं का? ‘पोटात दुखलं की रडतंय...’”

ऋजुता थांबली.

“पुढं?”

ऋजुताचं बोट पुन्हा वरच्या ओळींवर गेलं. उठतंय, पितंय, रडतंय.

“पुढं वाच की.”

“कशी आहेस, असं विचारलं. म्हणाली... ‘बरं हाय. अंग धरलंय त्यानं.’”

कागद तिने घडी न घालताच पिशवीत कोंबला. पिशवीत तसेच आणखी तेवीस कागद होते.

“चल,” जैतूनबी म्हणाली. “हंडा उचल.”

झोपडीत शिरताच ऋजुताचे हात आपोआप झोळीकडे गेले. लेकरू कुरकुरत होतं. तिने त्याला उचललं, छातीशी धरलं, “अले अले” केलं. सगळेच असं करतात.

जैतूनबीने लेकराकडे पाहिलंसुद्धा नाही. ती कालिंदाच्या उशाशी बसली आणि तिचा अंबाडा सोडला. केसांत मातीचे गोळे धरले होते.

“बाळंत झाल्यावर न्हाऊ कुनी घातलं तुला?”

तिचा नवरा दारातूनच म्हणाला, “तिची माय गावाकडं हाय. हितं कोन घालनार? बाराव्या दिशी कामाला लागली ती.”

“तुला नाय इचारलं.”

बापडा बाहेर निघून गेला.

जैतूनबीने सोबत आणलेल्या वाटीतलं कोमट तेल तिच्या टाळूवर ओतलं आणि चोळू लागली. समजावलं नाही, ऊठ म्हणाली नाही. केसांतले मातीचे गोळे बोटांनी एकेक करून फोडत राहिली. मग तिने कालिंदाच्या काखेत हात घातला, आणि कालिंदा उठली.

झोपडीमागे पोत्यांचा आडोसा होता. तिथल्या दगडावर जैतूनबीने तिला बसवलं आणि ऋजुताकडे वळली.

“घाल पानी.”

“मी? पण बाळ...”

“खाली ठेव त्याला.”

ऋजुताने लेकराला गोधडीवर ठेवलं. त्याने लगेच भोकाड पसरलं. ऋजुताचा तांब्या हातातच राहिला. कालिंदा दगडावरून अर्धी उठली.

जैतूनबीने तिचा खांदा धरून तिला खाली बसवलं.

“रडू दे. त्याला रडता येतंय.”

कालिंदाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

पहिला तांब्या. दुसरा. केसांतून तांबडं पाणी वाहू लागलं. तिसऱ्या तांब्याला कालिंदाच्या तोंडून “आये...” एवढंच निघालं, आणि ती रडू लागली. चांगली मोठ्याने, हमसून हमसून. लेकरू तिकडे रडत होतं, ही इकडे. ऋजुताचेही डोळे भरून आले, पण ती पाणी घालत राहिली.

हंडा संपला. कालिंदाने धुतलेलं लुगडं नेसलं, ओले केस मोकळेच ठेवले, लेकराला पदराखाली घेतलं आणि स्वतःच्या पायांनी जीपपर्यंत गेली. नवरा मागे बसला.

“ताई,” ती म्हणाली, “मला झोपच येत न्हाई. ते झोपलं तरी मी जागीच असते. डाक्टरला सांगायचंय.”

“मला सांग आधी,” ऋजुता म्हणाली. “जाता जाता सांग.” पेनाची तिला आठवण झाली नाही.

जीप सुरू झाली. ऋजुताने पायरीवर एक पाय ठेवला आणि मागे वळली.

“आजी, आल्यावर मी काय करू?”

जैतूनबी रिकामा हंडा कमरेवर घेऊन उभी होती.

“लवकर ये. पानी तापत ठिवते. बाकीच्या तेवीस जनी ठीक हायेत म्हनलीस ना?”