अंगठ्याची दोरी

फार फार वर्षांपूर्वी, जेव्हा राज्यं लहान होती आणि संध्याकाळी लांब, तेव्हाची ही गोष्ट.

एका राज्यात सावल्यांचा खेळ करणारी मंडळी होती. पांढरा पडदा ताणायचा, मागे तेलाचा दिवा लावायचा आणि दिव्यापुढे चामड्याच्या बाहुल्या नाचवायच्या. पडद्यावर राजे लढत, राक्षस आपटत, आणि समोरची पोरंटोरं आयांच्या पदरात तोंड लपवत. मंडळीचं स्वतःचं घर होतं. त्याला सगळे सावलीघर म्हणत. तिथे खेळ शिकवलाही जाई. शिकून तयार झालेल्याला मंडळीत बसायला पाट मिळे, आणि ज्याला पाट मिळाला त्याची जन्माची भाकरी पक्की झाली.

सावलीघरात एक रीत होती. कुठल्याही कामाला हात घालण्याआधी देव्हाऱ्यातली एक जुनी सुती दोरी बाहेर काढायची, तिला हळदकुंकू वाहायचं, हात जोडायचे आणि ती परत आत ठेवायची. ही कसली दोरी, असं एखाद्या पोराने विचारलंच तर मोठी माणसं डोळे वटारत. देवीची दोरी, एवढंच उत्तर. मोठ्यांना तरी कुठे काय ठाऊक होतं!

ठाऊक होतं फक्त एकाला. मंडळीच्या म्हाताऱ्या गुरुजींना.

गुरुजी आता खेळ करत नसत. हात थरथरत. मंडळीचा कारभार त्यांनी आपल्या शिष्यावर सोपवला होता आणि स्वतः खांबाला टेकून बसत. डोळे मिटले की त्यांना जुने दिवस दिसत. गायरानातली गुरं, उन्हात वाळत घातलेलं चामडं, आणि शेजारी बसलेला सटवा. या गोष्टीत बाकी कुणालाच नाव नाही. सटव्याला मात्र आहे, आणि का आहे ते पुढे कळेल.

चैत्रात नवे शिकाऊ निवडायचा दिवस आला. अंगणात गर्दी जमली. त्यात एक कुंभारीण आपल्या तरण्या लेकीला घेऊन आली होती.

“दादा, माझ्या लेकीला जन्मापासनं ऐकू येत न्हाई,” ती शिष्याला म्हणाली, “पण तिच्या हाताला ताल हाय. मडकं थापटाया बसली की सारी आळी डोलती. तिला ढोलकी शिकवा.”

अंगणात हशा पिकला. शिष्य माणूस वाईट नव्हता. तो हसला नाही.

“बाई, ढोलकी म्हणजे कानाचं काम. गाणारा कुठे थांबला, कुठे धावला, हे हिला कळणार कसं? हवं तर झाडलोटीला ठेवतो. दिव्यात तेल घालील. दोन वेळचं जेवण मिळेल.”

कुंभारणीने हात जोडले. नाही म्हणायची तिची ऐपत नव्हती. लेकीने मात्र शिष्याचे ओठ वाचून नकाराची मान हलवली. ती पुढे झाली, कोपऱ्यातल्या ढोलकीवर तिने तळवा ठेवला आणि तो तिथेच ठेवून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण पाय हलत नव्हते.

“बाजूला हो, पोरी,” शिष्य हाताने खुणावत म्हणाला. “दोरीची पूजा व्हायचीय.”

दोरी बाहेर आली. ताम्हनात ठेवली गेली. शिष्याने हळदीची चिमूट उचलली, आणि खांबाशी बसलेले गुरुजी पुढे सरसावले. ढोलकीवरचा तो तळवा त्यांनी आधी पाहिला होता. अगदी तस्साच.

“थांब,” ते म्हणाले. “ती दोरी देवीची नाही.”

सगळे त्यांच्याकडे वळले.

“ती माझ्या सटव्याची आहे. या मंडळीचा पहिला ढोलकीवाला. त्याला जन्मात काही ऐकू आलं नाही.”

“गुरुजी, काय बोलताय!” शिष्य चाचरला.

“खरं तेच बोलतोय, फार उशिरा. मी पडद्यामागे गात असे. दोरीचं एक टोक माझ्या पायाच्या अंगठ्याला, दुसरं त्याच्या घोट्याला. एक ओढ दिली की संथ, दोन दिल्या की जलद, आणि जोराचा हिसका म्हणजे थांब. एकदा मी दोरी विसरून उठलो. दोघंही पडद्यावर कोसळलो, राजाच्या मिशीत राक्षसाचं शिंग अडकलं. लोक म्हणाले, अशी लढाई उभ्या जन्मात पाहिली नाही!”

गुरुजी हसले, आणि हसता हसताच त्यांनी डोळे पुसले.

“मग राजवाड्यातून बोलावणं आलं. राजाने शाल दिली आणि विचारलं, ही दोरी कसली? मला लाज वाटली. बहिऱ्याची ढोलकी म्हणून दरबार हसेल, असं वाटलं. मी सांगून टाकलं, देवीचा नवस आहे. सटवा समोर उभा होता. तो ओठ वाचायचा. त्या दिवसापासून खेळाआधी तो स्वतःच दोरी कपाळाला लावू लागला. माझं खोटं त्याने मरेपर्यंत सांभाळलं. तुम्ही कुणी यायच्या आधीच तो गेला, दोरी देव्हाऱ्यात गेली, आणि मी तोंड मिटून बसलो.”

ते कसेबसे उठले. ताम्हनातली दोरी त्यांनी झटकली, तशी वर्षानुवर्षांची हळद जमिनीवर पडली. एक टोक त्यांनी आपल्या अंगठ्याला बांधलं आणि दुसरं कुंभाराच्या लेकीपुढे धरलं. तिने ते आपल्या घोट्याला बांधलं.

गुरुजी गाऊ लागले. आवाज फाटला होता. पोरीने थाप दिली आणि पहिल्याच फेऱ्यात ती भलतीकडे धावली. कुणीतरी खुदकन हसलं. गुरुजींनी हिसका दिला. ती थांबली, त्यांच्या पायाकडे पाहिलं, मान डोलावली. पुन्हा सुरुवात झाली. एक ओढ, संथ. दोन ओढी, जलद. तिसऱ्या फेऱ्याला गाणं आणि थाप एकाच जागी येऊन थांबली, आणि शिष्याच्या लक्षात आलं की आपला पाय मघापासून ठेका धरतो आहे.

“गुरुजी,” तो हळूच म्हणाला, “हिला खूप शिकवावं लागेल.”

“मग आपण हे घर कशाला बांधलंय रे?”

पुढच्या चैत्रात कुंभाराच्या लेकीला पाट मिळाला. झाडलोटीचा नव्हे, ढोलकीचा. ती बातमी गावोगाव गेली. पायांनी अधू असलेला एक चांभार आला. त्याच्यासाठी दिवा खाली घेतला आणि तो बसल्या जागी बाहुल्या नाचवू लागला. एक आंधळी बाई आली. तिच्यासाठी बाहुल्यांच्या काठ्यांवर खाचा पाडल्या. ती मागितलेली बाहुली डोळसांआधी हातात देई. सावलीघरात पाट वाढत गेले.

दोरीची पूजा बंद झाली. ती रोज पायात असे, मळे, झिजे, तुटली की नवी वळली जाई. मात्र खेळाआधी एक नाव घ्यायची रीत पडली. सगळी मंडळी एका सुरात म्हणे, “सटवा!” आणि खांबाशी बसलेले गुरुजी डोळे मिटून मान डोलवत.

लहानथोरांनो, एवढंच गाठीला बांधा: ज्या सोयीने एकाला आत आणलं, ती देव्हाऱ्यात ठेवू नये, दारात येणाऱ्या पुढच्या माणसाच्या हाती द्यावी.