सरळ नळी

“...मग तुमच्या या डब्यात एवढं आहे तरी काय, आक्का?”

रणधीरनं कंपनीचा जुना सायलेन्सर बुटानं ढकलला. तो घरंगळत वेल्डिंगच्या टेबलावर जाऊन आपटला.

घाटाच्या पायथ्याशी द्वारकाक्काची पत्र्याची शेड. चाळीस वर्षं ती सायलेन्सर जोडत आली. रणधीर तिच्याच हाताखाली शिकला, आणि शिकल्या शिकल्या शहाणा झाला. आपल्या गाडीला रेसिंगचा सायलेन्सर त्यानं स्वतःच बसवला. विचारायची गरज वाटली नाही.

“बूट लावू नकोस त्याला,” आक्का म्हणाली. “आत कप्पे आहेत, भोकाभोकांच्या नळ्या आहेत. धूर वळसे घेत येतो, म्हणून गप होऊन बाहेर पडतो.”

“आणि माझ्यातनं सरळ सुटतो! नळी रुंद, वजन निम्मं. इंजिन मोकळा श्वास घेतं.”

“मग इथं कशाला आलास?”

...

चार दिवसांपूर्वी तिसऱ्या वळणावर गाडी चढता चढता बंद पडली होती. बायकोला, पल्लवीला, नववा महिना. दवाखाना घाट चढून पलीकडे. तेव्हापासून रणधीरला घास गिळवत नव्हता.

“हळू वळणावर ओढत नाही,” तो शेवटी म्हणाला. “नळी अजून रुंद करून द्या.”

“चूल फुंकायला रुंद नळी घेतलेली बघितलीस कुठं? फुंकणी बारीकच का असते रे? शर्यतीची गाडी सारखी भरधाव असते, तिला तुझी नळी शोभते. तुला घाट चढायचाय, तोही रांगत.”

“तुमचं सगळं ज्ञान चुलीपाशीच!”

आक्का चिडली नाही. चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

तिनं हात पुसले. “चल, तिसऱ्या वळणापर्यंत जाऊन येऊ. पल्लवी कुठं असणार गाडीत?”

“मागं. आडवी.”

आक्कानं मागचं दार उघडलं आणि सत्तर वर्षांचं अंग सीटवर आडवं टाकलं.

रणधीरनं गाडी काढली. घाट लागला तसा आवाज कड्यावर आदळून परत गाडीत शिरू लागला. पहिलं वळण. दुसरं. पुढं तिसरं दिसलं, तसा त्यानं दात आवळून पाय दाबला... गाडी गुरगुरली, थरथरली, आणि वळण पार करून गेली!

शेडसमोर परत येऊन त्यानं इंजिन बंद केलं. कान सुन्न झाले होते. चार दिवसांत पहिल्यांदा तो हसला.

“बघितलंत? पडली का बंद? आता बोला की, आक्का!”

आक्का सावकाश उठून बसली. कपाळावर घाम. घसा खाकरला, तरी आवाज घोगराच निघाला.

“बोलले की रे... पहिल्या वळणापासून ‘थांब, थांब’ म्हणून ओरडतेय.”