गोजरेची वेल

एका राज्यात द्राक्षं उदंड होती आणि माणसं दिवसेंदिवस कमी होत होती. जीव घट्ट करून ऐका, कारण मी काही गोड करून सांगणार नाही.

त्या राज्याचा राजा सुवर्णसेन मोठा हावरा. त्याच्या पदरी कालदंड नावाचा मांत्रिक होता. कालदंडाने राजाला निळं भस्म दिलं. वेलीच्या बुडाशी ते टाकलं की सांजेला घड लागे आणि सकाळी त्यात गोडी भरे. राजाला आभाळ ठेंगणं झालं. शेताशेतात भस्म पडलंच पाहिजे, अशी दवंडी त्याने पिटवली. पडलं. माती पांढरीफटक झाली, किडामुंगी मेली, पण घड लागत राहिले. मग ती द्राक्षं खाणारी माणसं पायापासून लाकूड होऊ लागली. आधी टाच, मग गुडघा, मग कंबर. पुरतं लाकूड झालेला माणूस राजाचे शिपाई खांद्यावर टाकून नेत आणि राजाच्या मळ्यात डांब म्हणून पुरत. त्याच्यावर दोर ताणत, वेली चढवत. आता बोला!

येसूचा नवरा रायाजी असाच गेला. आता तिची लेक गोजरा कमरेपर्यंत लाकूड झाली होती. केवढीशी पोर, दाराशी भिंतीला टेकवून ठेवलेली. "आई, माझे पाय कधी परत येतील गं?" असं ती विचारी आणि येसू तिच्या लाकडी पायांवरून हात फिरवी.

एके सकाळी कुंपणावर भारद्वाज पक्षी येऊन बसला आणि माणसाच्या वाणीने बोलला, "बाई, ज्याला भस्म ठाऊक नाही असं एक द्राक्ष या पोरीच्या तोंडात पडलं, तर साऱ्या राज्याचा शाप सुटेल."

"असं द्राक्ष कुठे मिळेल?"

"कुठेच नाही. तुलाच पिकवावं लागेल. जमीन आहे?"

जमीन होती. येसूला तिच्या आईकडून आंदणात आलेला टेकडीच्या कुशीतला एक तुकडा. आंदणाच्या जमिनीवर राजाचा हुकूम चालत नसे. हा तिथला जुना कायदा, तो राजालाही मोडता येत नसे. पण वाऱ्याला कुठला कायदा? शेजारच्या मळ्यांतलं भस्म उडून उडून तो तुकडाही मेला होता.

"कामं तीन," पक्षी म्हणाला. "मेलेली माती जिवंत कर. जिवंत काडी आणून लाव. तिसरं काम वेळ आली की सांगेन."

येसू काळ्या रानात गेली. तिथल्या जखिणीपाशी गांडुळांची जिवंत माती होती. जखीण म्हणाली, "फुकट देणार नाही."

"काय हवं ते माग."

"तुझी झोप."

येसूने दिली. त्या दिवसापासून तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. पदरात माती बांधून ती परतली, आपल्या तुकड्यात कालवली, वर शेण घातलं, पालापाचोळा पसरला, भस्म उडून येऊ नये म्हणून भोवती उंच कुंपण घातलं, विहिरीचं पाणी वाहिलं. लोक हसले. "येसू, भस्म टाक आणि मोकळी हो की!" येसूने कानाआड केलं. हळूहळू माती काळी झाली. एक दिवस तिच्यावर एक मुंगी चालताना दिसली, आणि येसू मटकन खाली बसून रडली.

आता काडी. राज्यातली प्रत्येक वेल भस्मावर पोसलेली. "एकच तशी नाही," पक्षी म्हणाला. "राजाच्या मळ्यात जा. रायाजीच्या छातीतून एक काडी फुटली आहे. लाकूड होता होता त्याने लेकीचं नाव घेतलं, त्या नावातून ती फुटली. तिने जमीन पाहिलेली नाही. मात्र ती कापलीस तर त्याच्यात उरला आहे तेवढाही जीव जाईल."

येसू मळ्यात गेली. डांबांच्या रांगेत नवरा उभा होता. अंग लाकडाचं, पण डोळ्यांत ओल होती.

"धनी, काय करू?"

"घे," रायाजी लाकडाच्या आतून म्हणाला.

तिने काडी कापली. डोळ्यांतली ओल वाळली. बांधावर कालदंड उभा होता. त्याने तिला अडवलं नाही. उलट हसून म्हणाला, "ने, ने. लावशील. पण तिसरं काम तुझ्याच्याने व्हायचं नाही."

येसूने काडी आपल्या तुकड्यात लावली आणि गोजरेला तिच्या शेजारी आणून टेकवलं. काडी रुजली आणि अशी फोफावली की काय सांगू! इकडे पान फुटे, तिकडे गोजरेच्या गालावर रंग चढे. वारा वेलीला हलवी आणि गोजरा खुदकन हसे. एक दिवस तिच्या पायाची बोटं हलल्यासारखी दिसली. येसूचा जीव सुपाएवढा झाला.

तेव्हा पक्षी आला. "आता तिसरं काम. वेल छाट. बुडाशी दोन डोळे ठेव, नवे कोंब फुटायला. बाकी सगळी वेल उतरव. प्रत्येक घाव पोरीला लागेल."

"नाही," येसू म्हणाली. "पोर हसते आहे माझी."

"पानांवर भुलू नकोस, बाई."

पण भुललीच ती. कोण आई भुलणार नाही? एक हंगाम गेला. वेल नुसती पसरत राहिली. मांडव झाकला, कुंपण झाकलं, पण घड म्हणून लागला नाही. एका दुपारी पोरीला न्हाऊ घालताना येसूने परकर-पोलकं सोडलं. लाकूड छातीच्या वर चढलं होतं. पोर बापडी आईच्या आनंदापायी गप्प राहिली होती.

येसूने कोयता घेतला. पहिल्या घावाला गोजरा किंचाळली. "आई, नको! आई, मी काय केलं?" येसू थांबली नाही. ती हुंदके देत होती, देवाला शिव्या घालत होती, पण कोयता चालत होता. शेवटच्या घावाला हाक बंद झाली. गोजरा ओठांपर्यंत लाकूड झाली. दोन डोळ्यांचा खुंट उरला आणि कापल्या जागेतून पाणी टिपकत राहिलं.

पोर जिवंत आहे की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. येसू तिच्या शेजारी बसून असे आणि खुंटाला पाणी घाली.

मग कोंब फुटले. कोंबाला एक घड आला. तो पिकला तेव्हा येसूने एक द्राक्ष खुडलं, बोटांत चुरडलं आणि लाकडाच्या ओठांच्या फटीत रस सोडला.

साल तडकली. गोजरेने श्वास घेतला.

त्याच घटकेला राजाच्या मळ्यातले डांब चालू लागले. मांडव कोसळले. कालदंड पळता पळता पायापासून लाकूड झाला आणि बांधावरच उभा राहिला. सुवर्णसेन सिंहासन सोडून परागंदा झाला, आणि लोकांनी जाणता राजा बसवला. ज्यांच्यात जीव उरला होता ते डांब घरी आले. रायाजी आला नाही. मायलेकींनी त्याला चितेवर ठेवलं.

गोजरा चालू लागली, पण आईने केसांना हात लावला की अंग चोरून घेई. येसू हात मागे घेई.

पुढे गावोगावचे लोक काडी मागायला आले. येसूने सांगितलं, "आधी माती जिवंत करा. मग काडी लावा. मग..." पुढचं तिच्या तोंडून निघेना. लोक वाट बघत उभे राहिले.

तेव्हा गोजरा पुढे आली आणि आईचा हात हातात धरून म्हणाली, "मग छाटायची. रडली, ओरडली तरी छाटायची. माझ्या आईने छाटली, म्हणून मी आहे."

लोकांनी काड्या घेतल्या आणि आपापल्या वाटेने गेले. त्या दुपारी येसूने लेकीच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि जखिणीला दिलेली झोप तिच्याकडे परत आली.